कटिंग चालू, झोप बंद

मागचे काही भाग आपण डाएट आणि फॅट लॉसवर बोललो. त्यानंतर जे मेसेज आले, त्यातले बरेचसे एकाच तक्रारीचे होते. शब्द वेगळे, तक्रार तीच. "भाऊ, वजन उतरतंय, पण रात्री झोप लागत नाही." कोणी म्हणतं, अकराला आडवा होतो आणि एक वाजेपर्यंत छताकडे बघत पडतो. कोणी म्हणतं, झोप लगेच लागते, पण पहाटे तीनला खाडकन जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. आणि जवळपास प्रत्येकाच्या मेसेजचा शेवट सारखाच: "हे नॉर्मल आहे ना? थोडे दिवस सहन करू ना?"

तर आजचा भाग त्याच्यावर. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे अर्ध्यात बंद केलं तरी काम होईल. हे बऱ्याच जणांना होतं, पण सहन करायचं नाही. डाएटमध्ये झोप उडाली, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की तुम्ही गरजेपेक्षा जास्त कापताय, किंवा चुकीच्या वेळेला कापताय. आणि झोप न घेता जे वजन उतरतं, त्यात चरबी कमी आणि स्नायू जास्त जातात. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा उपाशी राहिलात, तेच हाती लागत नाही.

अजून एक गोष्ट. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. बी.टेक. केलंय, कोड लिहितो. आकडे बघायची आणि संशोधनाचे पेपर वाचायची सवय आहे, तेवढंच भांडवल. त्यामुळे औषधाबद्दल मी काही सांगणार नाही. भागाच्या शेवटी डॉक्टरकडे कधी जायचं तेही बोलू.

वाळूजमध्ये हा प्रश्न जास्त बोचतो

आपल्या वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा प्लांट सुरू झाला, आणि त्याच्यामागोमाग पार्ट बनवणाऱ्या कंपन्या येत गेल्या. आज बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी ह्या पट्ट्यात खोली करून राहणारी हजारो पोरं फर्स्ट, सेकंड आणि थर्ड शिफ्टच्या हिशोबाने जगतात. आठवडा बदलला की जेवायची, झोपायची, आंघोळीची वेळ बदलते. आणि आता गल्लोगल्ली जिम आहे. त्यामुळे 'कटिंग' हा शब्द आमच्याकडे टपरीवरच्या चहाला आणि पोट कमी करण्याला, दोन्हीला चालतो.

माझा एक मावसभाऊ पॉवर प्रेसवर आहे. वय सव्वीस, वजन ७८ किलो, तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर लग्न ठरलेलं. जिममधून त्याला एक चार्ट मिळाला. रोज १२०० कॅलरी. संध्याकाळी साडेसहानंतर काहीच खायचं नाही, भात आणि भाकरी बंद, भूक लागली तर पाणी नाहीतर ब्लॅक कॉफी. व्यायामाच्या आधी प्री-वर्कआउटचा एक स्कूप. तीन आठवड्यांत त्याचं वजन चार किलो उतरलं. सगळे खूश. मग एक दिवस मला म्हणाला, "दादा, वजन उतरायलंय, पण झोप येईना. काल प्रेससमोर उभ्या उभ्या डुलकी लागली."

ह्या वाक्याने मी हादरलो. माझ्यासारख्याची झोप झाली नाही तर कोडमध्ये बग राहतो. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतो. प्रेसवर डुलकी लागली तर काय होतं, हे वाळूजमध्ये कोणाला समजावून सांगायची गरज नाही. बोटं गेलेली माणसं आपल्या ओळखीत असतात. तसंच, नाईट संपवून सकाळी नगर रोडला बाइकवर येणारा माणूस आधीच अर्धा झोपेत असतो. त्यात पोट रिकामं.

म्हणून हा विषय नुसता सिक्स पॅकचा नाही.

आपल्याकडची दोन प्रसिद्ध डाएट आणि घड्याळ

महाराष्ट्रात २०१८ च्या आसपास डाएटवरून जे युद्ध पेटलं होतं ते आठवतंय? एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार त्यांनी पुढे नेला. दिवसातून दोनदाच जेवा, कडकडून भूक लागते तेव्हा, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. सोबत ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. राज्य सरकारने लठ्ठपणाविरुद्धच्या मोहिमेचा चेहरा म्हणून त्यांना निवडलं होतं. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. त्यांचं २००९ चं पुस्तक गाजलं, ते बरोबर उलट्या सल्ल्यामुळे: दर दोन तासांनी थोडं थोडं खा, आणि शेवटचं जेवण सूर्यास्तानंतर दोन तासांच्या आत उरका. प्रत्येक घरात, प्रत्येक फॅमिली ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या होत्या. आमच्या घरात आई दीक्षित आणि मावशी दिवेकर.

मला इथे कोण बरोबर ते ठरवायचं नाही. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. माझा मुद्दा घड्याळाचा आहे. सेकंड शिफ्टवाला रात्री बाराला खोलीवर येतो. त्याने सूर्यास्तानंतर दोन तासांत जेवण संपवलं, तर झोपेपर्यंत पोट पाच-सहा तास रिकामं. दोन वेळा जेवणाऱ्याने दुपारी दोन आणि रात्री आठ धरलं आणि नाईट लागली, तर पूर्ण शिफ्ट आणि त्यानंतरची सकाळची झोप, सगळं उपाशी. डॉ. दीक्षितांनी घड्याळाची ठराविक वेळ सांगितलेली नाही, तुमच्या भुकेच्या दोन वेळा तुम्ही ओळखा असंच ते म्हणतात. पण आपण ग्रुपवर आलेला फोटो बघतो, त्यात एक आणि आठ लिहिलेलं असतं, आणि तेच आयुष्यभर धरून बसतो.

म्हणजे प्लॅन कोणताही असो, तो तुमच्या झोपेच्या वेळेला जोडला नाही तर तुमची रात्र बिघडणार. आता ती का बिघडते ते बघू.

भुकेलं शरीर झोपत का नाही?

थोडं टेक्निकल होईल, पण थांबा, सोपं आहे.

पहिलं कारण मेंदूत आहे. १९९८ मध्ये शास्त्रज्ञांना ओरेक्सिन नावाचं एक रसायन सापडलं. मेंदूच्या एका छोट्या भागातल्या पेशी ते तयार करतात आणि त्याचं काम आपल्याला जागं ठेवणं. रक्तात साखर पुरेशी असेल तर ह्या पेशी शांत होतात. पोट रिकामं असेल तर त्या चेकाळतात. उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की उपाशी उंदीर जास्त जागा राहतो आणि जास्त फिरतो. पण ज्या उंदरांत ह्या पेशीच नसतात, त्यांच्यात उपासाने ही वाढीव जाग येत नाही. विचार केला तर पटतं. जंगलात ज्याच्या पोटात काही नाही त्याने झोपायचं की अन्न शोधायचं? शरीराला तुमचा जिमचा चार्ट माहीत नाही. त्याला वाटतं दुष्काळ पडलाय. आणि मराठवाड्याच्या माणसाला दुष्काळ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण, साखर सांभाळण्याची यंत्रणा. रात्रभर मेंदूला इंधन लागतं. ते लिव्हरमधल्या साठ्यातून येतं. दिवसभर कमी खाल्लं, त्यात भात-भाकरी बंद, वरून व्यायाम, तर तो साठा आधीच उतरलेला असतो. मग शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिनसारखे हार्मोन वापरून साखर वर ठेवतं. हे तणावाचे हार्मोन. पहाटे तीनला छातीत धडधड होऊन जाग येते त्यामागे ह्यांचा हात असू शकतो.

तिसरं कारण साधं आहे आणि सगळे विसरतात: पाणी. कार्बोहायड्रेट कमी केले की स्नायूंमधला साठा, म्हणजे ग्लायकोजेन, संपायला लागतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, ते सुटतं. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरल्याचा जो आनंद असतो ना, त्यातलं बरंचसं हेच पाणी. ते लघवीवाटे जातं. त्यात भूक मारायला रात्री दहा वाजता लिटरभर पाणी प्यायलात, तर दोन-तीनदा उठणं आलंच.

चौथं कारण चहा-कॉफी आणि डबे. कॅफिन शरीरातून अर्धं निघायला साधारण पाच तास लागतात. एका प्री-वर्कआउट स्कूपमध्ये २०० मिलीग्रॅमच्या आसपास कॅफिन असू शकतं, कधी जास्तही. संध्याकाळी सातला घेतलं तर रात्री बाराला १०० मिलीग्रॅम अंगात आहे. हे म्हणजे मध्यरात्री दोन-तीन कप चहा पिऊन पांघरूण ओढण्यासारखं. २०१३ च्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलीग्रॅम कॅफिन दिलं, तरी झोप एक तासाहून जास्त कमी झाली. फॅट बर्नरच्या गोळ्यांमध्येही मुख्य माल बहुतेक वेळा कॅफिनच असतो.

आणि गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. काही ठिकाणी 'कटिंगची गोळी' म्हणून क्लेनब्युटेरॉल किंवा थायरॉईडचं हार्मोन खपवतात. मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं जिमच्या पोरांना विकणाऱ्यांना महाराष्ट्रात पोलिसांनी पकडलंय. ते औषध ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब सावरायला वापरतात. ह्या सगळ्यांनी झोप उडते, पण तो सगळ्यात छोटा धोका आहे. हृदयावर परिणाम होतो. कोणी देत असेल तर तिथून निघा.

झोप कमी झाली तर नेमकं काय जातं?

आता ह्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हेडफोन नीट लावा.

२०१० मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. जाडी असलेली दहा माणसं. त्यांना १४ दिवस कमी कॅलरीचं जेवण दिलं. एका फेरीत त्यांना रात्री साडेआठ तास बिछान्यात राहू दिलं, दुसऱ्या फेरीत साडेपाच तास. माणसं तीच, जेवण तसंच कमी. वजन दोन्ही वेळेला जवळपास सारखंच उतरलं, तीन किलोच्या आसपास.

वजनकाटा बघणारा म्हणेल, काय फरक पडला? पण त्यांनी आत काय गेलं ते मोजलं. पुरेशी झोप मिळाली तेव्हा चरबी १.४ किलो गेली. झोप कापली तेव्हा चरबी फक्त ०.६ किलो. उरलेलं वजन कुठून गेलं? चरबी सोडून शरीरात जे असतं त्यातून, म्हणजे स्नायू वगैरे. झोप पुरेशी असताना ते १.५ किलो गेलं, झोप कमी असताना २.४ किलो. प्रयोग छोटा होता, दहाच माणसं, हे मान्य. पण आकडा बघा. तेवढाच उपास, आणि चरबी निम्म्याहून कमी.

माझ्या मावसभावाला मी हेच दाखवलं. म्हटलं, तुझा काटा खोटं बोलत नाहीये, पण तो अर्धंच सांगतोय. तू चार किलो म्हणतोस, त्यातलं पाणी किती, दंडावरचं किती आणि पोटावरचं किती, हे काट्याला कळत नाही. तो लगेच म्हणाला, "म्हणूनच बेंच प्रेसचं वजन कमी झालंय का?" हो, बहुतेक म्हणूनच.

दुसरं नुकसान भुकेचं. २००४ मध्ये शिकागोच्याच एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास बिछाना मिळाला. दहा तासांच्या रात्रींशी तुलना केली, तर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के कमी आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्के जास्त. भूक वाढली, आणि ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांसाठी जास्त. म्हणजे रात्री झोप न येऊन मोबाइलवर नान-खलियाचे आणि मिसळीचे रील्स बघत बसणारा माणूस कमजोर मनाचा आहे असं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटाला ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रसिद्ध प्रयोग झाला होता. चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवल्यावर त्यातले काही जण तासन्‌तास पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. त्यांच्याकडे रील्स नव्हते, एवढाच फरक.

ह्याची उलट बाजूही मोजली गेलीय. २०२२ मध्ये ८० तरुण माणसांवर एक अभ्यास झाला. वजन जास्त, झोप साडेसहा तासांहून कमी. त्यातल्या निम्म्यांना फक्त झोप कशी वाढवायची ते शिकवलं. जेवणाबद्दल एक शब्द नाही. त्यांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढली, आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचं खाणं दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी कमी झालं. कोणताही चार्ट न देता. २७० कॅलरी म्हणजे जवळपास दीड वाटी भात.

मग करायचं काय?

आता कामाचं बोलू. मी मावसभावासाठी जे कागदावर लिहून दिलं, तेच सांगतो.

एक, कापणं कमी करा. ७५-८० किलोचा, दिवसभर उभं राहून काम करणारा तरुण रोज अंदाजे २४०० ते २६०० कॅलरी खर्च करतो. त्याला १२०० चा चार्ट म्हणजे निम्म्याहून जास्त कपात. ती ३०० ते ५०० वर आणा. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरलं तरी भरपूर. ७८ किलोला ते ४०० ते ८०० ग्रॅम होतं. त्याहून जोरात पळत असाल तर झोप तुम्हाला ब्रेक मारायला सांगतेय.

दोन, रात्रीचं जेवण परत आणा. 'सातनंतर कार्ब्स खाल्ले की चरबी होते' हे डोक्यातून काढा. दिवसभराचा एकूण हिशोब तोच ठेवा, फक्त त्यातला मोठा वाटा झोपेच्या आधीच्या जेवणात टाका. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी एक भाकरी किंवा वाटीभर भात, सोबत घट्ट वरण, पिठलं, दोन अंडी किंवा पनीर. भाताला घाबरू नका. २००७ मध्ये सिडनीत १२ तरुणांवर एक छोटा प्रयोग झाला. झोपण्याच्या चार तास आधी लवकर पचणारा भात खाल्लेल्यांना सरासरी ९ मिनिटांत झोप लागली, हळू पचणारा भात खाल्ला तेव्हा साडेसतरा मिनिटं लागली. आपल्या आज्ज्या वरण-भात खाऊन ढाराढूर झोपायच्या, त्यात तथ्य होतं. सेकंड शिफ्टवरून बाराला येऊन तासाभरात झोपायचं असेल, तर मोठं जेवण कंपनीच्या सुट्टीत करा आणि खोलीवर आल्यावर कपभर दूध आणि मूठभर शेंगदाणे. हे ३०० कॅलरी होतात, दिवसाच्या हिशोबात आधीच धरून ठेवा.

तीन, प्रोटीन. स्नायू वाचवायचे तर शरीराच्या प्रत्येक किलोला दीड ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं. ७८ किलोला १२० ग्रॅम. मेसच्या डब्यात एवढं नसतं, हे मला माहीत आहे. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम सोया चंक्समध्ये २५ च्या आसपास, ३० ग्रॅम शेंगदाण्यात ७-८, पेलाभर दुधात ६-७. महागडा डबा घेण्याआधी ही बेरीज करून बघा.

चार, कॅफिनला शेवटची वेळ ठरवा. झोपण्याच्या आठ तास आधी शेवटचा चहा किंवा कॉफी. फर्स्ट शिफ्टला पहाटे पाचला उठायचं म्हणजे दहाला झोपायला हवं, म्हणजे दुपारी दोननंतर काही नाही. संध्याकाळी जिमला जात असाल तर प्री-वर्कआउट बंद. आणि भूक मारायला ब्लॅक कॉफी हा उद्योग तर मुळीच नको.

पाच, पाणी दिवसा प्या. झोपण्याच्या दीड-दोन तास आधी हात आखडता घ्या. मीठ पूर्ण बंद करू नका, विशेषतः उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली घाम गाळत असाल तर. पोटऱ्यांत गोळे येऊन जाग येणाऱ्यांनी हे आधी तपासावं. रक्तदाबाचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा.

सहा, आणि हे माझं स्वतःचं गणित आहे: नाईटच्या आठवड्यात कटिंग करू नका. त्या आठवड्यात पोटभर खा, म्हणजे जेवढा खर्च तेवढं. दिवसा झोपताना शरीर आधीच घड्याळाशी भांडत असतं, त्यात उपासाची भर कशाला? खिडकीला जाड चादर लावा, फोन सायलेंट करा, झोपायच्या आधी हलकं काहीतरी खा आणि सलग झोप मिळवा. तीन आठवड्यांच्या चक्रात दोन आठवडे कटिंग, एक आठवडा नाही. 'मग वजन कसं उतरणार?' हिशोब करू. रोज ४०० कॅलरीची कपात, बारा आठवड्यांतले आठ आठवडे, म्हणजे ५६ दिवस. ५६ गुणिले ४०० म्हणजे २२,४०० कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. म्हणजे जवळपास तीन किलो चरबी. तीन महिन्यांत खरी तीन किलो चरबी गेली की पॅन्ट बदलावी लागते, मंडळी. आणि ती जाताना तुम्ही माणसासारखे झोपलेले असता.

सात, मोजमाप बदला. फक्त वजन लिहू नका. आठवड्यातून एकदा बेंबीजवळ टेप लावून कंबर मोजा, आणि रोज सकाळी दोन आकडे लिहा: किती तास झोपलो, किती वेळा उठलो. स्मार्टवॉच नसलं तरी चालतं, मोबाइलमधली नोट पुरते. आमच्या कामात सर्व्हरवर अलर्ट लावतात. आकडा एका मर्यादेच्या खाली गेला की मेसेज येतो, आणि मग कोणी 'थोडे दिवस सहन करू' म्हणत नाही. तसाच नियम इथे ठेवा. सलग एक आठवडा झोप सहा तासांच्या खाली गेली, तर रोजच्या जेवणात २०० कॅलरी वाढवा, त्या रात्रीच्या जेवणात टाका, आणि आणखी एक आठवडा बघा.

मावसभावाने भाकरी परत सुरू केली, स्कूप बंद केला, साडेसहाची लक्ष्मणरेषा पुसली. चार-पाच दिवसांत त्याची रात्र बरीच सुधारली. पहिल्या आठवड्यात काटा सातशे ग्रॅम वर गेला तेव्हा त्याचा रात्री फोन आला, घाबरून. मी म्हटलं, अरे, भाकरीसोबत पाणीही परत आलंय, चरबी नाही. पंधरा दिवस काट्यावर चढू नकोस, टेप लाव. त्याला हे पटायला जरा वेळ लागला. आणि मला त्याचं कारण कळतं. लग्न जवळ आलेलं, जिममधली पोरं रोज विचारतात किती उतरलं, आणि काट्यावरचा आकडा हीच एक गोष्ट त्याच्या मनासारखी घडत होती. बाकी ओटी, हप्ता, कंत्राट वाढणार की नाही, ह्यातलं काही त्याच्या हातात नाही. उपाशी राहणं मात्र हातात असतं. म्हणून पोरं ते सोडत नाहीत. हे समजून घेतल्याशिवाय कोणाला नुसतं 'खा रे' म्हणून उपयोग नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं?

शेवटचा मुद्दा, नीट ऐका. डायबिटीसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने उपास-डाएट करू नका, रात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं खोलीतल्या मित्रांनी सांगितलं असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो. खाणं नीट करूनही तीन-चार आठवडे झोप नाही, छातीत धडधड, हात थरथरणं, मुलींच्या बाबतीत पाळी चुकणं, असं काही असेल तर थेट डॉक्टर. पैशाची अडचण असेल तर घाटीची ओपीडी आहे. झोपेची गोळी मेडिकलवरून मागून घेऊ नका. आणि जेवणाचा विचार दिवसभर डोक्यातून जातच नसेल, खाल्लं की अपराधी वाटत असेल, आरशात बघवत नसेल, तर हा चरबीचा प्रश्न उरलेला नाही. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

ह्या आठवड्याचं काम एकच. आज रात्रीपासून सात दिवस तुमची झोप लिहा. डाएट बदलू नका, नुसतं लिहा. पुढच्या भागाआधी ते सात आकडे मला पाठवा. शिफ्ट कोणती होती तेही सोबत लिहा, म्हणजे पुढच्या वेळी नाईटवाल्यांच्या दिवसाच्या झोपेवर वेगळं बोलता येईल.

हा भाग तुमच्या जिममधल्या त्या मित्राला पाठवा, जो साडेसहानंतर काही खात नाही. आणि तो आत्ता नाईट करून झोपला असेल, तर मेसेज संध्याकाळी करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, जेवून घ्या.